रेडकाचं पाणी

शुक्रवार, ८ जुलै १९८३

ही डायरी पेंडवाल्या दुकानदाराने जानेवारीत दिली. पहिल्या पानावर नावासाठी रेघ होती, तिथे मी लिहिलं: सौ. शालूबाई केरबा चौगले, सातवी पास, गंगावेश, कोल्हापूर. त्यानंतर सहा महिने कोणती म्हैस कधी फळली एवढंच लिहीत होते. आजपासून मनातलं लिहिणार आहे, कारण या घरात माझं ऐकून घेणारं आता कुणी उरलेलं नाही.

मुलगा आण्णा कंपनीच्या कामासाठी महिनाभर पुण्याला गेला आहे. मालक धारा काढताना फक्त म्हशींशी बोलतात. राहिली सून, नंदिनी. हातकणंगल्याच्या मास्तरांची मुलगी, मॅट्रिक. स्वभावाने वाईट नाही, भाकरीही बरी थापते. पण दर बुधवारी दवाखान्यातली जरीना सिस्टर तालमीशेजारच्या खोलीत गल्लीतल्या बायका जमवते. तिथे नंदिनी वही घेऊन जाते आणि घरी येऊन मला शिकवते. प्यायचं पाणी उकळा. हात साबणाने धुवा. पोराला बाटली नको, वाटी-चमचा घ्या.

आज तर हंडाभर पाणी स्टोव्हवर चढवलं. मी म्हणाले, "नळाचं पाणी हाय गं ते, गटारीचं न्हवं."

"नदीला गढूळ आलंय आत्याबाई. पावसाळा संपूस्तर उकळायचंच."

मी तीस वर्षं न उकळलेलं पाणी पिऊन धडधाकट आहे, हे मी बोलून दाखवलं. त्यावर ती हसली. उलट बोलली असती तर भांडता तरी आलं असतं.

नात रेणुका, लाडाची राणू, चौदा महिन्यांची झाली. आज माझा चष्मा म्हशीच्या आंबोणात टाकला. हुशार आहे.

मंगळवार, १२ जुलै

चंद्रीचं रेडकू हगवणीने आडवं झालं. तीन आठवड्यांचं पोर ते. सकाळी उभं राहीना. डोळे खोल गेलेले, नाक कोरडं ठक्क. मानेची कातडी चिमटीत धरून सोडली तर तशीच उभी राहिली, बसेचना.

वस्तादांनी हात टेकले. (वस्ताद म्हणजे आमचे मालक. एकेकाळी कुस्तीत मोठं नाव होतं. सारी गल्ली त्यांना वस्तादच म्हणते, म्हणून इथे मीही तेच लिहीन. नवऱ्याचं नाव उठसूट लिहायला मला जमत नाही.) म्हणाले, "जातंय गं हे."

मी म्हणाले, "गप बसा. जातंय कसं? अंगातलं पाणी गेलंय. ते परत घातलं की उठतंय बघा."

हा माझ्या सासऱ्यांनी शिकवलेला उपाय. कोमट पाणी, त्यात गूळ, मीठ, वर तांदळाची पेज. बाटलीने थोडं थोडं, दिवसभर पाजायचं. चंद्रीखाली थोडा थोडा वेळ सोडायचं, दूध अजिबात तोडायचं नाही. हगलं तरी पाजायचं. खालून जातं तेवढं वरून घातलं पाहिजे, यात अवघड काय आहे? अडाणी लोक अशा वेळी जनावराचं पाणी बंद करतात आणि मग दैवाला बोल लावतात.

नंदिनी राणूला कडेवर घेऊन गोठ्याच्या दारात उभी होती. म्हणाली, "आत्याबाई, अवो हे तर आमच्या सिस्टर..."

मी म्हणाले, "मधी बोलू नगंस, त्याला ठसका लागंल."

दारात उभी राहून नुसती बघत होती. शिकेल हळूहळू.

गुरुवार, १४ जुलै

रेडकू उठलं. वस्तादांना दोन ढुशा मारल्या. ते गल्लीभर सांगत सुटले की आमच्या हिने रेडकू यमाच्या दारातून ओढून आणलं. मी ऐकू न आल्यासारखं केलं, पण शेवटपर्यंत ऐकलं.

मंगळवार, १९ जुलै

आज आमच्या गल्लीचं टेंबलाईला नवं पाणी होतं. आषाढात नदीला नवं पाणी आलं की ते वाजतगाजत टेकडीवरच्या देवीला घालायचं, ही आमची जुनी रीत. सकाळी घाटावर गेलो. नदी लालभडक, दुथडी. मी नवं लुगडं, डोक्यावर कलश, पुढे पिपाणी आणि हलगी. वस्ताद हलगीपुढे असे नाचले की साठी उलटलेला माणूस आहे हे त्यांचे गुडघेच विसरले. संध्याकाळी आठवण झाली तेव्हा तेल मी चोळलं.

नंदिनी राणूला घेऊन घरीच थांबली. पोरीला गर्दीत नको म्हणे. मी कलशातलं थोडं पाणी तीर्थ म्हणून तांब्यात राखून आणलं होतं. नंदिनी मागे कपडे वाळत घालत होती तेवढ्यात राणूला तीन पळ्या पाजलं. पोरीने जीभ काढून आणखी मागितलं. देवीचं तीर्थ, त्याला उकळायचं थोडंच असतं?

सूनबाईला सांगितलं नाही. उगाच वही काढून बसेल.

गुरुवार, २१ जुलै

राणूचं पोट बिघडलं. काल दुपारपासून पाण्यासारखं होतंय. आज जेवणवेळेपर्यंत सात वेळा झालं आणि दोनदा ओकली. कारण उघड आहे. परवा संध्याकाळी नंदिनीने तिला केळं चारलं. पावसाळ्यात केळं! मी तेव्हाच म्हणणार होते.

शेजारची झुंबरबाई बघून गेली. तिच्या घरी सहा पोरं वाढली आहेत. म्हणाली, "पाणी तोड, दूध तोड. वरनं वताल तेवढं खालनं वाहील. पोटाला इसावा दे."

मीही तेच म्हणत होते. पण नंदिनी स्वयंपाकघरात पेला, चमचा, साखर, मीठ मांडून बसलेली. पेलाभर उकळून गार केलेलं पाणी, सपाट चमचाभर साखर, चिमूटभर मीठ. हे म्हणे दर शौचानंतर पाजायचं. आणि अंगावरचं दूध तर पाजतच राहायचं.

"पोटात काय राहतंय का तिच्या? आन् तू वर पाणी वततीस?"

"शरीरातलं पाणी चाललंय आत्याबाई. भरून नगो काढाय?"

"तुझ्या त्या जरीनाला पोरं किती?"

"एक हाय."

"मग!"

मी पाण्याच्या कळशीवर झाकण घातलं, वर वरवंटा ठेवला आणि राणूची वाटी फडताळात बंद केली. किल्ली कमरेला. पोट वाहत असताना पाणी तोडायचं, हे मला कुणी शिकवायला नको. माझी पहिली मुलगी विमल, दीड वर्षाची होती, तिला असंच झालं होतं. सासूबाई सांगतील तसं मी सगळं काटेकोर केलं. दोन दिवस पाण्याचा थेंब दिला नाही. मागून मागून थकली, पण मी दिला नाही. तिचं आयुष्यच तेवढं होतं, त्याला कोण काय करणार.

वस्ताद मूग गिळून बसलेत. विचारलं तर म्हणतात, "मला कुस्तीतलं इचार."

शुक्रवार, २२ जुलै, सकाळी

पहाटेपासून पाच वेळा. राणू रडते, पण डोळ्यांतून पाणी येत नाही. नुसतं हट्टाचं रडणं दिसतंय. ओठ सुकलेत. आता जरा गप्प पडली आहे, म्हणजे विसावा मिळतोय असं झुंबरबाई म्हणते.

नंदिनी घरात दिसेना म्हणून बघायला गेले तर गोठ्यात. चंद्रीच्या मागे पेंडीच्या पोत्यावर बसून राणूला चमच्याने पाणी पाजत होती. पाणी कुठून आणलं विचारलं तर पलीकडच्या घरातून. म्हणजे माझ्या घरचं भांडण आता लोकांच्या हंड्यापर्यंत गेलं! मी पोर तिच्याकडून ओढून घेतलं. फार बोलले. तिच्या बापाचंही काढलं, तेवढं नको होतं.

ती रडली. पण जागची हलली नाही. म्हणाली, "मारा मला. पर तिला पाणी द्या."

अशी हट्टी सून कुणाला मिळू नये.

शुक्रवार, २२ जुलै, संध्याकाळी

सकाळचं पान लिहून झाल्यावर काय झालं ते नीट लिहिते.

डायरी ठेवून मी रेडकाला चंद्रीखाली सोडायला गोठ्यात गेले. ते आता तुरुतुरू पळतं. गेल्या आठवड्यापासून एक सवय लागली आहे, सोडायच्या आधी त्याच्या मानेची कातडी चिमटीत धरून बघायची. धरली, सोडली. झटकन बसली. बरं वाटलं.

घरात आले. राणूला मांडीवर घेतलं, झबलं वर केलं. पोटाला तेल लावावं म्हणून हात फिरवला आणि काही मनात नसताना बोटांनी तसंच केलं. पोटाची कातडी चिमटीत धरली, सोडली.

ती बसली नाही. तशीच उभी राहिली.

डोळ्यांकडे पाहिलं. खोल गेले होते. कालपासून मी तेच डोळे बघत होते आणि मला दिसले नव्हते. टाळू खाली गेलेली. घरात कुणी एक शब्द बोललेलं नव्हतं, तरी कुणीतरी कानाखाली वाजवावी तसं झालं. रेडकाला मी दिवसभर पाणी पाजलं. आणि माझ्या पोरीच्या पाण्यावर वरवंटा ठेवला.

मी ओरडले, "नंदे! पेला आण!" वरवंटा उचलला तो माझ्याच पायावर पडला. अंगठा सुजला आहे.

नंदिनी धावत आली तोवर वस्ताद पुढे झाले. त्यांना वाटलं, आता हातभार लावायची वेळ आली. पेल्यात पाणी घेतलं, साखर टाकली आणि डब्यात हात घालून मिठाची चिमूट सोडली. वस्तादांची चिमूट म्हणजे माझी मूठ! नंदिनी किंचाळली, "मामंजी, थांबा! लई मीठ पोराला बाधतंय!"

"चिमूटच की गं ही!"

"तुमची न्हवं, माझी चिमूट. आन् आधी चव घ्यायची. डोळ्यातल्या पाण्यापेक्षा खारट लागलं तर वतून द्यायचं."

मी चव घेतली. म्हशीलाही पाजवलं नसतं. खिडकीतून ओतून दिलं. बाहेर झुंबरबाई उभी होती, तिच्या पदरावर उडालं. ते मी मुद्दाम केलं नाही, पण माफीही मागितली नाही.

मग नंदिनीने केलं. तिची चिमूट, सपाट चमचा साखर. मी चव घेतली आणि मान हलवली. एक चमचा, थोडं थांबून दुसरा. दहाव्या चमच्याला राणू ओकली. माझं अवसान गेलं. नंदिनी म्हणाली, "ओकू दे. धा मिनिटं थांबू, मग अजून सावकाश देऊ." खरंच, पुढचं पोटात राहिलं. मधे मधे ती राणूला अंगावर घेत होती आणि मी चमचे मोजत होते.

वस्ताद जरीना सिस्टरला बोलावून घेऊन आले. मी तिच्याकडे बघायचं टाळत होते. तिने पोरीची जीभ बघितली, पोट बघितलं, शौचात रक्त होतं का विचारलं, आणि म्हणाली, "लघवी कवा झालती?"

कुणालाच सांगता येईना. तिचा चेहरा बदलला. म्हणाली, "मावशी, हितनं उठू नका. पाजत ऱ्हावा. मी हितंच बसतो. तासाभरात उठाव न्हाय वाटला, प्यायचं सोडलं, न्हायतर गुंगीत गेली, तर रिक्षा बघायची आन् थेट मोठ्या दवाखान्यात. शिरंतनं सलाईन लावत्यात. मग देवाला बी इचारत बसायचं न्हाय."

वस्तादांनी लगेच रिक्षा आणून दारात उभी केली. मी आयुष्यात इतका लांब तास पाहिला नाही. चमचा, थांबा, चमचा, थांबा. अर्ध्या तासाने राणू आपणहून तोंड उघडायला लागली. मग तिने चमचाच धरला. मग माझ्या नाकातली नथ ओढली. जरीना म्हणाली, "आता माझा जीव भांड्यात पडला."

तरी ती उठेना, लघवीची वाट बघत बसली. दिवेलागणीच्या आधी वस्तादांनी नातीला मांडीवर घेतलं होतं. एकदम ताठ झाले आणि ओरडले, "आली! आली! गंगा आली की!"

धोतर भिजलं होतं. आम्ही सगळे हसलो. वस्ताद ते धोतर बदलायलाच तयार नव्हते. आवाजाने राणू दचकली, भोकाड पसरलं, आणि तिच्या दोन्ही गालांवरून पाणी ओघळलं. नंदिनीने ते बोटाने टिपून मला दाखवलं.

मी तिला म्हणाले, "सकाळी तुझ्या बापाचं काढलं ते चुकलं माझं." ती म्हणाली, "मला ऐकूच आलं न्हवतं." खोटारडी.

रिक्षावाल्याला चहा दिला. तो म्हणाला, "काकू, माझ्या भाड्याचं पाणी झालं, पर असलं पाणी रोज होऊ दे."

शनिवार, २३ जुलै

आज तीनच वेळा झालं, तेही घट्टसर. जरीना म्हणाली खायला घाला, उपाशी ठेवू नका. मऊ भात, वरणाचं पाणी. आणि केळं. केळं मी माझ्या हाताने कुस्करलं.

दुपारी सगळे झोपल्यावर फडताळ आवरलं. विमलचं झबलं तळाला असतं, ते काढलं. एकोणीसशे छप्पनचा श्रावण. ती "मम मम" म्हणायची, म्हणजे पाणी. सासूबाई ओल्या फडक्याने तिचे ओठ पुसायच्या आणि ती ते फडकं चोखायची. मी तिच्या तोंडातून फडकं काढून घेतलं होतं. माझ्याच हाताने काढलं होतं.

त्याच श्रावणात माझ्या सासऱ्यांनी एक रेडकू गुळाच्या पाण्यावर उठवलं होतं. मी बाटली धरायला होते. गोठा आणि माजघर यांच्यामध्ये एक भिंत होती, तेवढीच.

पुढे लिहवत नाही.

मंगळवार, २६ जुलै

आज पलीकडच्या तालमीचं नवं पाणी होतं. दारावरून मिरवणूक गेली, त्यांनी कलश थांबवला. मी तीर्थ घेतलं. राणूच्या कपाळाला लावलं. तोंडाला नाही. का ते लिहीत नाही.

नंदिनी बघत होती. तिने काही विचारलं नाही, मीही सांगितलं नाही. पण संध्याकाळी पाण्याचा हंडा स्टोव्हवर मीच चढवला. ती पीठ मळत मळत गाणं गुणगुणत होती. तिला सगळं कळलं आहे, असा मला दाट संशय आहे.

बुधवार, २७ जुलै

जरीनाच्या बुधवारच्या बैठकीला गेले. पहिल्यांदाच. चाळीसेक बायका, निम्म्या गवळणी. जरीनाने भिंतीवर चित्र लावलं होतं, त्यात पेला, चमचा आणि एक रडकं बाळ. सांगते चांगलं, पण पुस्तकातल्यासारखं. 'शरीरातील क्षार' म्हणाली तेव्हा माझ्या शेजारची जांभई द्यायला लागली.

मला राहवेना. उभी राहिले आणि विचारलं, "तुमच्यातल्या कुणाकुणाच्या रेडकाला हगवण लागलीया आजवर?"

सगळ्यांचे हात वर.

"पाणी तोडलं व्हय गं तुम्ही?"

एकदम गलका झाला. एक म्हणाली, "पाणी तोडून कसं चालंल? मरंल की!" दुसरी म्हणाली, "गूळमीठ पाजायचं." तिसरीने पेज सांगितली, चौथीने कातडीची चिमूट करून दाखवली. सगळ्यांना सगळं येत होतं. मी त्यांना बोलू दिलं आणि मग म्हणाले, "आन् पोराला?"

चिमूट करून दाखवणारीने हात पदराखाली घेतला. एकेकीचा चेहरा बघवत नव्हता. माझ्यासारख्या तिथे आणखीही होत्या, हे मला तेव्हा कळलं.

मग मी पुढचं सांगितलं, की पोराचं पाणी रेडकाच्या हिशोबाने करायचं नाही, पोराच्या मापाने करायचं. मीठ चिमूटभर, आपली, वस्तादाची नव्हे. त्यावर सगळ्या खदखदल्या. धोतराची गोष्ट त्यांना आधीच माहीत होती. आमच्या गल्लीत बातमी दुधाच्या आधी पोचते.

बैठक मोडल्यावर जरीना म्हणाली, "मावशी, दर बुधवारी येत जावा. माझं चित्र काढून टाकतो, तुमचं रेडकू आणा."

चित्र गुंडाळायला मी थांबले. बायका गेल्यावर तिला विमलचं सांगितलं. सत्तावीस वर्षांत कुणाला सांगितलं नव्हतं. विचारलं, "पाणी दिलं असतं तर जगली असती व्हय गं?"

दुसरी कुणी असती तर म्हणाली असती, जाऊ दे मावशी, तिचं नशीब. जरीना म्हणाली, "जगली असती का ते मी कशी सांगू? आता सांगणं खोटं हुईल. पर तहान भागली असती."

मी रडले. तिथेच खुर्चीवर बसून मोठ्याने रडले. तिने मला तिच्या बाटलीतलं पाणी दिलं. उकळलेलं होतं, चवीला भिकार.

सोमवार, १ ऑगस्ट

आण्णा पुण्याहून आला. राणूने त्याला ओळखलंच नाही, वस्तादांच्या मागे लपली. सगळं ऐकून तो मला म्हणाला, "आई, तू आता डाक्टरीण झालीस की!" मी म्हणाले, "सातवीवर एवढंच जमतंय."

गुरुवार, ११ ऑगस्ट

सकाळी झुंबरबाई दारात उभी. त्या दिवशी पदरावर पाणी उडाल्यापासून तीन आठवडे अबोला होता. हातात दुधाची रिकामी चरवी. तिच्या स्वतःच्या दारात दोन दुभत्या म्हशी आहेत.

म्हणाली, "रेडकू कसं हाय?"

"उड्या मारतंय."

"बरं हाय म्हणायचं." मग चरवीत बघत राहिली. "त्याला त्या वक्ताला काय पाजलंवतं म्हणं तू?"

"कुणाचं रेडकू पडलंय?"

चरवी या हातातून त्या हातात घेतली. मग म्हणाली, "रेडकू न्हवं गं. धाकट्याची तानी. कालधरनं चाललंय."

मला सुनावायचं होतं ते सगळं मी तीन आठवडे पाठ करून ठेवलं होतं. एक अक्षर आठवलं नाही. नंदिनी उकळून गार केलेल्या पाण्याचा तांब्या घेऊन माझ्यापुढे निघालीच होती. मी पेला आणि चमचा घेतला.

तानी दीड वर्षाची. आईच्या मांडीवर पडून होती, पण डोळ्यांत अजून पाणी होतं. मी पहिल्यांदा तेच बघितलं. कातडी चिमटीत धरली, जरा सावकाश पण बसली. वेळ होता. झुंबरबाईच्या सुनेला म्हणाले, "भिऊ नगंस. अंगावरचं पाजत ऱ्हा. ह्ये आम्ही पाजतो. वस्ताद सिस्टरला आणाय गेल्यात."

नंदिनीने पाणी केलं. चव घ्यायला मी पेला ओठाला लावला आणि मला समजेचना, पाणी खारट आहे की मीच. पेला झुंबरबाईपुढे धरला आणि म्हणाले, "तू बघ."

तिने घोट घेतला. "बरोबर हाय."

तानी पहिल्या चमच्याला तोंड वाकडं करून गिळली. दुसऱ्याला वाकडं केलं नाही. पाचव्याला तिने मान उचलली आणि पेल्याकडे हात केला.

"मम," म्हणाली.

"पी गं विमल," मी म्हणाले. "पी बाय, लागंल तेवढं पी."

शब्द तोंडातून गेले तेव्हा मला कळलं. नंदिनीने मान खाली घातली. झुंबरबाईने माझ्याकडे पाहिलं. छप्पन साली ती शेजारी नवी सून होऊन आली होती आणि विमलला कडेवर घेऊन घाटापर्यंत जायची. नाव चुकलं असं ती म्हणाली नाही. तिने फक्त तानीच्या हनुवटीखाली आपला पदर धरला, सांडू नये म्हणून.

पेला रिकामा झाला. पोरगी तो दोन्ही हातांनी धरून बसली, सोडेना.

मी नंदिनीला म्हणाले, "दुसरा कर."